हिमनदीच्या तळाशी

लखनौ शहरात डोंगर दिसत नाही, साधा कातळही दिसत नाही. पायाखाली शेकडो मीटर खोल निव्वळ नदीचा गाळ आहे. तरीही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा हिमनद्यांचा अभ्यास करणारा विभाग याच शहरी आहे.

लखनौला बर्फाचे काय, असे कोणी विचारील. गोमती तर पिलीभीत जिल्ह्यातील एका तळ्यातून निघते. हिमाचा तिला स्पर्श नाही. परंतु शहरातील कठौता तलावात शारदा कालव्याचे पाणी येते व तेथून ते अनेक घरांच्या नळांना पोहोचते. या शारदेच्या उगमाकडे चालत गेल्यास कुमाऊँतील मिलम ही मोठी हिमनदी लागते. तिचे पाणी गोरीगंगेतून काळीत आणि काळीतून शारदेत उतरते. उन्हाळ्यात, पावसापूर्वीच्या कोरड्या दिवसांत, अशा बर्फाचा आधार मोठा असतो.

आता हा घन बर्फ वाहतो कसा? एक तर तो स्वतःच्या भाराने आतल्या आत विरूप होत सावकाश उतरतो. परंतु खरी वेगाची गती येते ती तळाशी. भूगर्भातील उष्णता बर्फाच्या जाड पांघरुणाखाली कोंडली जाते, वरील दाबाने वितळबिंदूही किंचित खाली येतो, आणि तळाशी पाण्याचा पातळ थर साचला म्हणजे हिमनदी घसरू लागते. बर्फाची लादी ओल्या फरशीवरून कशी सुटते, हे आपण पाहिलेलेच आहे.

मात्र फरशी कोणती, यावर पुष्कळ अवलंबून असते. खाली खडबडीत ग्रॅनाइट असेल, तर प्रत्येक उंचवटा बर्फाला अडवितो. बर्फ समोरच्या बाजूस दाबाने वितळतो, पलीकडे पुन्हा गोठतो, आणि अशी वाट काढीत पुढे जातो. याउलट खाली पाण्याने भिजलेला मऊ गाळ असेल, तर तो गाळच बर्फाला पाठीवर घेऊन सरकतो!

याचा सुस्पष्ट पुरावा पश्चिम अंटार्क्टिकात मिळाला. तेथील व्हिलान्स हिमप्रवाह दिवसाला सुमारे एक मीटर चालतो. शेजारचा बर्फ वर्षाकाठी जेमतेम काही मीटर. श्रीधर आनंदकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील अशाच एका हिमप्रवाहावर लहान सुरुंग उडवून परत येणाऱ्या कंपनलहरी मोजल्या. वेगवान प्रवाहाची कड आणि खाली दडलेल्या गाळाच्या खोऱ्याची कड एकमेकींशी जुळतात, असे त्यांनी १९९८ साली दाखवून दिले.

हिमालयातील हिमनद्या आकाराने लहान, पण नियम तोच. लाहौलमधील छोटा शिग्री हिमनदीची जाडी २००९ साली रडारने मोजली, तेव्हा ती जास्तीत जास्त सुमारे २७० मीटर आढळली. २००३ ते २०१० या काळात तिच्या खालच्या भागाचा वेग सुमारे पाव ते एक-तृतीयांशाने घटला. बर्फ पातळ झाला, तसा तळावरील भारही कमी झाला. वेग घटला म्हणजे उंचावरील बर्फ खाली कमी येतो, आणि उन्हात वितळणाऱ्या टोकाची झीज भरून निघत नाही.