'सेल्फ' गेला? मोटर विकण्याआधी मल्टिमीटर काढा

ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकायचंय त्यांच्यासाठी आजचा विषय: स्टार्टर मोटर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत 'सेल्फ'.

समजा, भाजीच्या टेम्पोवाला पहाटे तुमच्याकडे येतो. "सेल्फ गेलाय, नवीन टाका." तुम्ही टाकता, पैसे घेता. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद, कारण बिघाड बॅटरीत होता! त्याचा मार्केटचा दिवस बुडाला, आणि स्टँडवर तुमचं नाव झालं ते वेगळंच.

म्हणून आधी कान द्या. भराभर कट-कट वाजतंय? बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं. एकदाच 'टक' होऊन गप्प? मग सोलेनॉइड किंवा कार्बनवर संशय घ्या. मोटर नुसतीच घरघरते आणि इंजिन हलत नाही? बेंडिक्स बघा. आता मीटर लावा. चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली, तर दुसरी चांगली बॅटरी लावून बघा. तरीही खाली जात असेल, तर मोटर जास्त करंट ओढतेय किंवा इंजिनच जड झालंय. अर्थिंग तर कुणी तपासतच नाही! सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि मोटरची बॉडी यांच्यामध्ये मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर दोष केबलचा. नुसती केबल बदलून दिलीत तर गिऱ्हाईक कायमचं तुमचं.

मोटर खरंच गेली असेल तर निवड कशी करायची? जुन्या मोटरवरचा पार्ट नंबर हाच पहिला आधार. तो पुसला असेल तर १२ व्होल्ट की २४, किती किलोवॅट, फिरण्याची दिशा, बोल्टची भोकं आणि पिनियनचे दात, हे सगळं जुळवा. दात मोजायला कंटाळू नका. पिनियन चुकलं की ते फ्लायव्हीलची रिंग खातं, आणि रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा! चारशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचं काम अंगावर.

डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे त्याला ताकदीची मोटर लागते. लहान पेट्रोल गाडीला साधारण १ किलोवॅट पुरतं, डिझेल पिकअपला त्याच्या दुप्पटही लागू शकतं. गिअर रिडक्शनची मोटर आकाराने लहान, वजनाने हलकी आणि जोर जास्त. ती गिऱ्हाइकाला 'खेळणं' वाटते, तेव्हा किलोवॅटचा आकडा दाखवा.

रिकंडिशन माल ठेवायचा का? माझं मत, ठेवा, पण स्वतः उघडून बघितलेलाच. व्हाइसमध्ये धरून बॅटरी लावली आणि फिरली म्हणजे चांगली, असं नसतं. लोडवर काय करते ते खरं. कॉम्युटेटर, बुश, कार्बन तपासा. आर्मेचर जळलेलं असेल तर त्या मोटरच्या नादी लागू नका. इलेक्ट्रिकल माल बरेच होलसेलर परत घेत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला चार-पाच खपणारी मॉडेलच ठेवा, बाकी ऑर्डरवर मागवा.

आणि गाडी देताना ड्रायव्हरला सांगा, एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबायचं. बिलाच्या मागे लिहूनच द्या, कारण पहाटेच्या घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही.