घोट्याजवळची सुई, मूत्राशय आणि मेंदू

आजचा विषय आपण चारचौघांत काढत नाही. लघवीची सारखी घाई होणं, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत थांबता न येणं. कितीतरी बायका या धास्तीने एसटीचा प्रवास टाळतात, लग्नाला गेल्या तर पाणी पीत नाहीत. वर घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे." तर हा मनाचा खेळ नव्हे. पण मेंदूचा यात मोठा वाटा आहे, आणि या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मूत्राशय भरू लागलं, की तसा निरोप मज्जातंतूंतून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूकडे जातो. 'इन्सुला' नावाच्या भागात भरल्याची जाणीव होते. कपाळामागचा भाग ठरवतो, आता जायचं की थांबायचं. परवानगी मिळाली, की मेंदूच्या बुंध्यातलं एक केंद्र मूत्राशय रिकामं करवतं. या केंद्राचा माग बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून काढला. त्रास असणाऱ्यांत बऱ्याचदा निरोप फार लवकर, फार मोठ्याने येतो किंवा 'थांब' म्हणणारा ब्रेक कमी पडतो.

गोळ्या आणि व्यायामाने भागलं नाही, तर मज्जातंतूंना सौम्य विद्युत स्पंद देतात. एका पद्धतीत पेसमेकरसारखं छोटं यंत्र नितंबाच्या त्वचेखाली बसवून त्याची तार माकडहाडाच्या वरच्या मज्जातंतूजवळ ठेवतात. सॅन फ्रान्सिस्कोत टनाघो आणि श्मिट यांनी ती विकसित केली. अमेरिकेत तिला १९९७ साली मान्यता मिळाली. दुसरीत शस्त्रक्रिया नाही. घोट्याजवळ बारीक सुई लावून आठवड्यातून एकदा ३० मिनिटं, असे साधारण १२ आठवडे.

आता तुम्ही विचाराल, घोट्याचा आणि मूत्राशयाचा काय संबंध? आपला वडखळ नाका डोळ्यांपुढे आणा. अलिबागकडून येणारा रस्ता आणि गोव्याकडून येणारा हायवे इथे मिळतात, आणि पुढे पेणकडे एकच वाट. तसंच, पायाच्या या मज्जातंतूची काही मुळं आणि मूत्राशयाची मुळं मज्जारज्जूच्या तळाशी एकाच टप्प्यात येतात. पायाकडून नियमित संदेश आले, की मूत्राशयाकडून येणाऱ्या गोंगाटाला तिथेच आळा बसतो, असं मानलं जातं.

आणि मेंदूत काय होतं? बर्टिल ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली यंत्र बसवलेल्या रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह पेट स्कॅनने पाहिला. यंत्र नुकतंच सुरू केलेल्यांत मुख्यतः नवी हालचाल, नवी संवेदना शिकताना कामाला लागणाऱ्या भागांत बदल दिसले. सहा महिन्यांहून जास्त काळ यंत्र वापरणाऱ्यांत बदल होते ते वेगळ्या भागांत. लक्ष देणं, सावध राहणं यांच्याशी जोडलेल्या. रुग्ण थोडे होते, तेव्हा शेवटचा शब्द म्हणून हे घेऊ नका. पण दिशा कळते. उपचार स्नायूला नुसता दाबून ठेवत नाही. मेंदू हळूहळू नव्याने शिकतो.

म्हणूनच दोन बैठकांत फरक पडला नाही म्हणून सोडून देऊ नका. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि आलेला टिकवायला अधूनमधून पुन्हा बैठका लागतात. पेसमेकर असेल, गरोदर असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा. त्याहीआधी जंतुसंसर्ग, मुतखडा, शुगर, पुरुषांत प्रोस्टेट तपासून घ्या. लघवीतून रक्त गेलं तर थांबूच नका.

पाणी तोडणं हा मात्र उपाय नव्हे. लघवी घट्ट होते आणि घाई उलट वाढू शकते. लाज बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे सांगा.