आधी ऊब, मग दूध!

गेल्या श्रावणातली गोष्ट. माळ्यावरून केविलवाणं म्यांव ऐकू आलं म्हणून स्टुलावर चढून पाहिलं, तर जुन्या गोधडीवर मांजरीची दोन पिल्लं! डोळे मिटलेले, अंग गारठलेलं. त्यांची आई आदल्या रात्री गाडीखाली आल्याचं शेजारणीनं सांगितलं. मी लगबगीनं गाईचं दूध कोमट केलं आणि कापसाच्या बोळ्यानं दोघांना पाजलं. रात्रीत एक पिल्लू गेलं.

सकाळी दुसऱ्याला पदरात गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे धावले. ते म्हणाले, "ताई, आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही." मैत्रिणींनो, माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पिल्लं दिसली की लगेच उचलू नका हं! मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना? आई एकेक पिल्लू हलवत असेल, नाहीतर पोटासाठी बाहेर गेली असेल. दोन-तीन तास लांबून लक्ष ठेवा. पिल्लं भिजलेली किंवा गारठलेली असतील, तर मात्र थांबू नका.

ऊब : खोक्यात मऊ फडकी अंथरा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला दूर सरकता येईल. पाणी निवलं की बदला.

दूध : गाईच्या दुधानं पिल्लांना जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून आणा. पहिल्या आठवड्यात दर २-३ तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा! बोळा नको, छोटी बाटली किंवा ड्रॉपर घ्या. आपल्या बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं. पोटावर ठेवूनच थेंब थेंब पाजा.

शी-शू : आई चाटते तेव्हाच एवढ्याशा पिल्लांना शी-शू होते. ते काम आता आपलं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं दर वेळी हलकेच पुसा. साधारण तीन आठवडे हे करावं लागतं.

वजन : जन्मतः पिल्लू १०० ग्रॅमच्या आसपास असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोलून वहीत लिहा. रोज निदान १० ग्रॅम वाढायला हवं. वजन अडलं की डॉक्टरांकडे चला.

डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू करता येतं. जंतांचं औषध आणि लस यांच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. पिल्लाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा. ओरखडा किंवा चावा बसला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच आपल्या डॉक्टरांना दाखवा.

आमचं उरलेलं पिल्लू जगलं बरं का! रात्री दोनचं पाजणं सासूबाईंनी आपणहून स्वतःकडे घेतलं होतं. "घरात मांजर मुळीच नको," असं आधी बजावणाऱ्या त्याच त्या!