खाजेची साक्ष खोटी

मृग लागला, रस्त्यांवर चिखल झाला, की पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ओले कपडे दिवसभर अंगावर वाळले की जांघेत, कमरेला गजकर्ण उठते. मग कुणी टाकळ्याचा पाला वाटून लावतो, तर कुणी कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘खाजेचे मलम’ आणतो. चार दिवसांत खाज थांबते, ट्यूब फडताळात जाते आणि पंधरा दिवसांनी ते गजकर्ण दुप्पट होऊन परत येते. घरोघरी घडणारी ही गोष्ट. पण खाज थांबली म्हणजे रोग गेला, असे आपण का मानतो?

या रोगावरच्या मलमांचा इतिहास मोठा रंजक आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्यावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. नाव गोव्याचे, पण झाड होते ब्राझीलमधले. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती पूड इकडे आली होती आणि तिचे खरे मूळ १८७० च्या दशकात उजेडात आले. औषध गुणकारी, पण जहाल! कातडी लाल होई आणि कपड्यांवर न निघणारे डाग पडत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या डॉ. आर्थर व्हिटफील्ड यांचे मलम आले. त्यात सहा टक्के बेंझोइक आम्ल आणि तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल असे. गजकर्णाची बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरात राहते. तो थरच सोलून काढायचा, म्हणजे बुरशीचे बिऱ्हाड आपोआप हलते, अशी ही साधी युक्ती.

बुरशीवर नेमका घाव घालणारे औषध मिळायला मात्र बराच काळ लागला. पेनिसिलीनने जिवाणूंची दाणादाण उडवली, पण बुरशीला त्याचे सोयरसुतक नव्हते. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी असते. बुरशीची पेशी पुष्कळशी आपल्यासारखीच! तिला मारणारे विष आपल्यालाही बाधायचे. शेवटी एक फरक उपयोगी पडला. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल.

अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघी वेगवेगळ्या गावांत राहून टपालाने नमुन्यांची देवाणघेवाण करीत. मातीतल्या जिवाणूपासून त्यांनी शोधलेले निस्टॅटिन १९५० मध्ये जाहीर झाले. ते एर्गोस्टेरॉलला चिकटून बुरशीच्या आवरणाला भोके पाडते. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच कुळातले हॅमायसिन शोधले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरीना’ असा पिंपरीचा उल्लेख आहे. निस्टॅटिन यीस्ट जातीच्या बुरशीवर चालते, गजकर्णावर नाही. ती उणीव क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल आणि नंतरच्या टर्बिनाफीनने भरून काढली. ही औषधे एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत.

इतक्या कष्टाने मिळालेल्या या औषधांत आपल्याकडे स्टिरॉइड मिसळून स्वस्त मलमे विकली गेली. स्टिरॉइड काय करते? कातडीचा दाह आणि खाज दाबते. रुग्ण खूश! पण दाह म्हणजे शरीराने बुरशीविरुद्ध मांडलेली लढाई. ती थांबली की बुरशीला रान मोकळे मिळते. गजकर्णाची ओळखीची कडा पुसट होते आणि डॉक्टरही चकतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. दरम्यान टर्बिनाफीनला दाद न देणारी बुरशी देशभर पसरली होती. २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. नावातच आपला देश आहे, पण यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळले.

खरजेत नेमके उलटे घडते. खरूज हा एका सूक्ष्म किड्याचा उपद्रव. बोनोमो आणि चेस्तोनी या इटालियन संशोधकांनी १६८७ मध्येच हे दाखवून दिले होते. गंधक, बेंझिल बेंझोएट आणि आता पर्मेथ्रिन अशी तिच्यावरची मलमे सुधारत गेली. पण किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे टिकते, कारण त्यांचे अवशेष कातडीतच असतात. माणूस घाबरून पुन्हा पुन्हा मलम चोपडतो आणि कातडी आणखी भाजून घेतो. म्हणजे गजकर्णात खाज जाते पण रोग राहतो, तर खरजेत रोग जातो पण खाज राहते. दोन्हीकडे खाजेची साक्ष खोटीच!

मग करावे काय? मलमाच्या ट्यूबवर ‘बीटामेथासोन’, ‘क्लोबेटासोल’ अशी नावे असतील तर ते स्टिरॉइड आहे, एवढे ध्यानात ठेवावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नये. गजकर्णावरचे मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही बोटभर लावावे आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. खरजेचे मलम रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावावे. घरातल्या सर्वांनी ते एकाच दिवशी लावावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ही मुले आणि गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत. चार दिवसांत गुण देणारे मलम बाजारात मिळते खरे, पण पुढचे चार महिने त्याची किंमत मोजत बसावे लागते.