वार्धक्यात मदतीची वेळ कशी ओळखावी?

खुब्याचे हाड मोडून एखादे वृद्ध गृहस्थ दाखल होतात, तेव्हा आम्ही नातेवाइकांना हमखास विचारतो, ‘याआधी घरी काही बदल जाणवला होता का?’ ‘छे, अगदी ठणठणीत होते’ असे उत्तर प्रथम मिळते. थोड्या वेळाने सूनबाई सांगतात, की तीन-चार महिन्यांपासून ते अंघोळीची टाळाटाळ करीत होते. नाशिकची थंडी, म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

ही टाळाटाळ दुर्लक्षिण्यासारखी नसते. अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली दैनंदिन जीवनातील सहा क्रियांची मोजपट्टी मांडली: अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण व जेवणे. वार्धक्यात स्वावलंबन साधारणतः याच क्रमाने ओसरते, असे त्यांना आढळले. अंघोळ प्रथम सुटते, जेवण सर्वांत शेवटी. म्हणूनच ‘दोन वेळा नीट जेवतात ना’ हा दिलासा फसवा ठरतो.

त्याहीआधी व्यवहार डळमळतो. हिशेबात आयुष्य गेल्यामुळे आमचे लक्ष प्रथम तिकडे जाते. नाशिकरोडच्या मुद्रणालयांतून वा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, एकेकाळी पै-पैचा हिशेब ठेवणारे गृहस्थ नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला विसरतात, वीजबिल दोनदा भरतात, सही न जुळल्याने धनादेश परत येतो. गोळ्यांची पाकिटे तशीच पडून राहतात. पुण्यात वा परदेशात असलेल्या मुलांना दूरध्वनीवरून यातले काही कळत नाही. ‘आमचे छान चालले आहे’ एवढेच आई-वडील सांगतात.

एक खुलासा आवश्यक आहे. एक-दोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ते वयोमान समजू नये. जंतुसंसर्ग, शरीरातील क्षारांचा असमतोल वा एखादे औषध त्यामागे असू शकते. अशा वेळी रुग्णालयातच आणावे.

वरील सहापैकी एका क्रियेसाठीही रोज दुसऱ्याचा हात लागू लागला, की वैद्यकीय तपासणी करून मदतीचा विचार करावा. मदत म्हणजे वृद्धाश्रमच, हा समज काढून टाकावा. सकाळी दोन तास येणारी प्रशिक्षित परिचारिका वा भौतिकोपचारतज्ज्ञही पुष्कळदा पुरेसे ठरतात. सेवा करणाऱ्याकडेही पाहावे. सत्तरीची पत्नी रात्री चारदा उठून पतीला आधार देत असेल, तर रुग्ण एक नसून दोन आहेत.

मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी 14567 उपलब्ध आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र ते रुग्णालयातील उपचारांपुरते आहे. घरी ठेवलेल्या मदतनिसाचे वेतन त्यात बसत नाही. ती रक्कम भावंडांनी एकत्र बसून, गरज पडण्यापूर्वीच वाटून घ्यावी.