शिकण्याचा परवाना आणि कामाची मुभा

मुलाला उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस धाडताना मराठी मध्यमवर्गीय पालक केवळ शिक्षणाचाच हिशेब मांडीत नाही. राहते घर गहाण ठेवून काढलेले कर्ज मुलगा तिकडच्या पगारातून फेडील, हेही त्यात गृहीत असते. या गृहीताला आधार काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः शिकण्याचा परवाना आणि काम करण्याची मुभा या दोन गोष्टी अमेरिकेने कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत.

‘एफ-१’ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते. आवाराबाहेर, परवानगीवाचून, एखाद्या उपाहारगृहात केलेली चार दिवसांची चाकरीही त्याच्या वास्तव्यावर गदा आणू शकते. पदवीनंतर ‘ओपीटी’ या नावाने आपल्या विषयातील कामासाठी १२ महिने मिळतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना २०१६ च्या नियमाने आणखी २४. पहिल्या १२ महिन्यांत मिळून ९० दिवसांहून अधिक बेकारी घडली, तर ही मुभाही धोक्यात येते. पुढचा ‘एच-१बी’ व्हिसा मालकाने अर्ज केल्यावाचून मिळत नाही. त्याच्या वार्षिक जागा ६५,०००, आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. मागणी जास्त असल्याने निवड सोडतीने होते.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी ९७,५५६ ओपीटीवर. एवढ्या तरुणांचे भवितव्य ज्या योजनेवर अवलंबून, ती तेथील काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून दिलेली नाही. ती प्रशासकीय नियमावर उभी आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने ती वैध ठरविली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची दाद ऐकण्यास नकार दिला. तथापि जो नियम प्रशासन करते, तो प्रशासन बदलूही शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. तेथेच राहून व्हिसाचा दर्जा बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ते लागू नाही, हा खुलासा होण्यास पुढचा महिना उजाडावा लागला. दरम्यानच्या काळात किती घरांची झोप उडाली असेल!

अमेरिकन कामगारांची तक्रार निराधार आहे, असे नाही. ओपीटीवरील बहुतेक विद्यार्थ्यांच्या वेतनावर सामाजिक सुरक्षा कर पडत नाही. साहजिकच मालकाला तो स्वस्त पडतो. आपल्या नागरिकांच्या रोजगाराची चिंता वाहणे हे कोणत्याही शासनाचे कर्तव्यच होय. परंतु भरभक्कम शुल्क घेऊन ज्यांना बोलावले, त्यांना निदान प्रवेशाच्या वेळचे नियम अभ्यासक्रम संपेपर्यंत लाभावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

तिकडचे नियम आपल्या हाती नाहीत. इकडचा हिशेब आहे. नोकरी मिळाली नाही तर कर्जाचा हप्ता भारतातील पगारातून फिटेल काय, हा प्रश्न कर्ज देणाऱ्या बँकेने आणि मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने पालकांपुढे प्रथम ठेवला पाहिजे. उत्तर नकारार्थी असेल, तर गहाण पडते ते केवळ घर नव्हे. मुलाची परत येण्याची मोकळीकही.