हिरवा, केशरी, लाल

क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात उभे तीन ठिपके असतात. नवी आवृत्ती येऊन दोन दिवस व्हायच्या आत तिथं हिरवा रंग चढतो. चारेक दिवस झाले की केशरी, आठवडा उलटला की लाल. आवाज नाही, लिहिता लिहिता अंगावर येणारी चौकट नाही. रंग तेवढा पिकत जातो!

त्याहून अचंब्याची गोष्ट अशी की, हा रंग दिसतो तोवर काम जवळजवळ उरकलेलं असतं. चालू प्रोग्रामच्या फाइलवर विंडोज दुसरी फाइल लिहू देत नाही. मग क्रोम नवी आवृत्ती जुनीच्या शेजारीच, वेगळ्या फोल्डरात उतरवून ठेवतं. मुख्य फाइलही तात्पुरतं नाव घेऊन थांबते. पुढची पंगत वाढून तयार, फक्त आधीची उठायची खोटी. तुम्ही ब्राउझर बंद करून उघडलात की नावं बदलतात, संपलं. म्हणजे तो रंग परवानगी मागतच नाही, नुसतं ‘जरा उठता का?’ विचारतो.

पण दिवस मोजायचे कशाला? कारण दुरुस्ती बाहेर पडली की भोक कुठं होतं हेही उघड होतं. जुनी-नवी आवृत्ती ताडून पाहिली की हल्लेखोराला जागा सापडते. विंडोजमधली एक त्रुटी मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ला बुजवली. १२ मेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून जगभर पसरला, ब्रिटनमधली रुग्णालयंसुद्धा अडली. दुरुस्ती तर दोन महिने आधीच आलेली होती.

मॅकवर मात्र अनेक प्रोग्राम अपडेटसाठी ‘स्पार्कल’ नावाचं मुक्त साधन वापरतात. अँडी मातुशॅकनं ते २००६मध्ये आणलं. आपणहून अपडेट तपासत जाऊ का, हे ते एरवी पहिल्यांदा प्रोग्राम उघडताना विचारत नाही. दुसऱ्यांदा उघडल्यावर विचारतं. नुकत्याच आलेल्या माणसाला आधी घर तर बघू द्या! मला त्यातलं ‘ही आवृत्ती वगळा’ हे बटण फार आवडतं. ‘नंतर आठवण करून द्या’ म्हणजे टाळाटाळ. हा सरळ नकार, आणि तो लक्षात ठेवला जातो. त्याहून नवी आवृत्ती येईपर्यंत पुन्हा विचारणा नाही. अर्थात, प्रोग्राम बनवणाऱ्यानं एखादं अपडेट अत्यावश्यक ठरवलं असेल, तर ते वगळायची सोयच मिळत नाही.